एका बोटानं हललेल्या बारा गाठी

ज्यांनी त्या पाटाला ‘भारमुक्त’ असं नाव दिलं, त्यांना आठवीचं विज्ञान येत नव्हतं, असं कुणी सांगू नये. येत होतं. चांगलं येत होतं. भार तसाच राहतो, फक्त घर्षण जातं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण ‘घर्षणमुक्त’ हा शब्द फीत कापायला येणाऱ्या माणसाच्या जिभेवर अडखळला असता. म्हणून त्यांनी भार पुसून टाकला. कागदावरून. वरुडखेडच्या जिनिंगमध्ये, कापसाच्या त्या कारखान्यात, तोच भार जसाच्या तसा एका म्हाताऱ्याच्या छातीवर आला.

कुंदा ढवळे त्या गावच्या शाळेत सव्वीस वर्षं विज्ञान शिकवत होत्या. त्यामुळे हमालांना नव्या पाटाची ओळख करून द्यायचं काम वरून, योजनेच्या कचेरीतून, त्यांच्याकडेच आलं. गावातल्या निम्म्या हमालांचे कान त्यांनी कधी ना कधी पिळलेले. बाईंनी सांगितलं की गाव ऐकतं, हे वरच्यांनाही ठाऊक होतं.

वस्तू मोठी नवलाची होती, यात शंका नाही. कापसाच्या गाठी जिथं दाबून बांधतात, तिथपासून ट्रकपर्यंत जमिनीवर एक करडी पट्टी ओतलेली. तिच्यावर बिनचाकांचा, सपाट तळाचा एक पाट. पट्टीलाही लेप, पाटाच्या तळालाही लेप. हे दोन लेप एकमेकांवर आले की घर्षण जवळजवळ नाहीसं व्हायचं. माणसाच्या चपलेला पट्टी साध्या फरशीसारखीच लागायची. निसटायचा तो फक्त पाट.

पहिल्या दिवशी त्यावर बारा गाठी रचल्या. एक गाठ पावणेदोनशे किलोच्या आसपास, म्हणजे दोन हजार किलोंचा ऐवज. कुंदाबाईंनी पदर खोचला, करंगळी टेकवली आणि दाबली. क्षणभर काहीच झालं नाही. मग ते सगळं धूड मांजरासारखं, आवाज न करता पुढं सरकायला लागलं.

“अरे बाप्पा!” भीमराव ओरडला. “आता तं माही बायकोबी ढकलून नेईन.”

“तुही बायको तुले ढकलते बे, गाठीचं काय घेऊन बसला!” मागून कुणीतरी टोला हाणला आणि सगळं जिनिंग हसलं.

हसला नाही तो एकटा सूर्यभान नेहारे. एकसष्ट वर्षांचा, हमालांतला सगळ्यात जुना. तो पट्टीच्या दुसऱ्या टोकाकडं बघत होता.

“बाई,” तो म्हणाला, “चालते तं झकास. पन थांबते कशी?”

प्रश्न असा असावा लागतो. सव्वीस वर्षांत बाईंच्या वर्गात एवढा नेमका प्रश्न फार थोड्यांनी विचारला होता. आणि याचं उत्तर त्यांच्याकडं होतं. चार दिवसांपूर्वी त्यांनी भाषणाचा मसुदा वर पाठवला होता, त्यात ते स्वच्छ लिहिलं होतं: “घर्षण नसेल तर वस्तू बोटानंही हलते, हळूहळू वेग घेते, आणि कुणी अडवेपर्यंत घेतलेला वेग सोडत नाही. वस्तुमान तेवढंच राहतं. अंग लावून हा पाट अडवू नका.” मसुदा परत आला तेव्हा या चार ओळींवर लाल रेघ होती. समासात शेरा होता: कामगारांच्या मनात भीती निर्माण करणारा मजकूर नको. बाई एक संध्याकाळ चिडल्या. मग म्हणाल्या, लिहू नको म्हणतात ना, तोंडी सांगेन.

सांगितलं नाही. समोर पाहुणे होते, फोटोवाला ‘इकडं बघा’ म्हणत होता, हार सुकत चालले होते.

“पुढच्या टप्प्यात रोधक येणार आहेत, काका. म्हणजे ब्रेक,” त्या म्हणाल्या. “तोवर हळू न्या. आणि घाबरू नका. वजन आता उरलंच नाही असं समजा.”

सूर्यभाननं मान हलवली. पटल्यासारखी नव्हे, मोठ्या माणसाचा मान राखल्यासारखी.

बाईंनी त्या दिवशी आणखी एक गोष्ट केली नाही. तुम्ही तुमची गाडी थांबवता कशी, हे एकाही हमालाला विचारलं नाही. विचारलं असतं, तर कळलं असतं की वरुडखेडच्या हमालांत ‘पाठ देण्याची’ रीत आहे. चाकाची गाडी ट्रकजवळ आली की मागचे ढकलणं सोडतात. गाडीकडं तोंड करून पुढं चालणारा वळतो, गाडीला पाठ लावतो, टाचा रोवतो आणि ती बरोबर जागेवर उभी करतो. हा मान सगळ्यात जुन्या माणसाचा. दुसऱ्यानं पाठ दिली तर दुपारचा डबा कुणी त्याच्याजवळ बसून खात नाही. सूर्यभान वीस वर्षं पाठ देत होता आणि त्याची पाठ गाडी थांबवते, असं सगळे मानत होते. तोही. खरं तर थांबवायची ती जमीन. चाकं घासत, कुरकुरत गाडीचा वेग खाऊन टाकायची, पाठीच्या वाट्याला शेवटचा हलकासा टेका यायचा. काम जमिनीचं, मान पाठीचा. आणि जमीन काही आपला मान मागायला आली नव्हती.

बावीस दिवस बाईंचं ऐकून दोन-तीन गाठीच अगदी हळू नेल्या होत्या, तेवढं पाठीला पेललं होतं. तेविसाव्या दिवशी सकाळी अकराला दौलत मडावी आणि भीमराव बारा गाठींचा पाट घेऊन निघाले. चालण्याच्या वेगानं, जास्त नाही. पंधरा फूट राहिले तेव्हा दोघांनी नेहमीसारखे हात काढले. सूर्यभान नेहमीसारखा वळला, पाठ लावली, टाचा रोवल्या. टाचा फरशीवरून सरकत गेल्या. पाटाला घाई नव्हती, पण त्याला थांबायला काही कारणही नव्हतं. दौलतनं धावत जाऊन गाठीला आवळलेली पत्र्याची पट्टी मागं ओढायला धरली, तर तोच फरफटत गेला. सूर्यभानच्या पुढ्यात लावून ठेवलेल्या गाठींची थप्पी होती, पाटानं त्याला तिच्यावर दाबलं.

तो तिसऱ्या दिवशी गेला.

त्यानंतर आठवड्यानं दौलत शाळेत आला. मधली सुट्टी होती. चौतिशीचा गडी, पण प्रयोगशाळेच्या दारात तो आठवीतल्यासारखा अंग चोरून उभा राहिला.

“बाई, येऊ काय जी?”

“ये ना. बस.”

तो बसला नाही. “चौकशी लागली हाय. साहेब म्हनते, हात सोडल्यावर वस्तू थांबते. पाट थांबला नाही, म्हंजे तू ढकलतच होता. माह्यावर गुन्हा लावून रायले. म्या हात सोडले होते, बाई. भीमरावले कोनी विचारतच नाही.” त्यानं टेबलाच्या कडेला बोट घासलं. “खरं सांगजा. हात सोडल्यावरबी चालते ना वस्तू?”

“चालते, दौलत. अडवणारं काही नसेल तर चालतच राहते.”

“मंग हे तिथं येऊन सांगसान?”

त्यापुढचा प्रश्न बाईंना दिसत होता: हे ठाऊक होतं, तर हमालांना का नाही सांगितलं?

दौलतला तो दिसला की नाही कोण जाणे. तो खाली बघत म्हणाला, “काका दोनदा म्हनले होते, बाईले आनखी एकदा विचारलं पायजे, ह्याचं थांबनं मले समजत नाही. मीच म्हनलं, राहू द्या काका. बाई शिकलेली हाय, तिनं सांगतलं वजन नाही, तं नाही.”

सुट्टी संपल्याची घंटा झाली. पोरं धडपडत आत येऊ लागली आणि दौलत त्यांच्यातून वाट काढत निघून गेला. त्या तासाला बाईंनी काही शिकवलं नाही. फळ्यावर तारीख लिहिली आणि खडू हातात धरून उभ्या राहिल्या.

चौकशी शनिवारी दुपारी होती. लांब टेबल, तीन माणसं. मधल्या अध्यक्षांचा आवाज फार मऊ होता. त्यांनी टाइप केलेला कागद पुढं सरकवला. “ढवळे मॅडम, तुम्हाला त्रास नको म्हणून जबाब तयारच ठेवलाय. प्रशिक्षणात धोक्यांची पूर्ण जाणीव करून दिली होती, एवढंच. खाली सही.”

दौलत भिंतीला टेकून उभा होता. शेजारच्या खुर्चीत सूर्यभानची बायको बसली होती.

“धोक्याची जाणीव करून दिली नव्हती,” बाई म्हणाल्या. “लिहून घ्या.”

“जरा विचार करून बोला.”

“दहा दिवस तेवढंच केलंय. हेही लिहा. ढकलणं थांबलं म्हणून वस्तू थांबत नाही. तिला घर्षण थांबवतं. घर्षण तुम्ही काढून घेतलं. दौलतनं हात सोडले तरी पाट त्याच वेगानं जाणार होता आणि गेला. दोन हजार किलोंचा पाट चालण्याच्या वेगात असेल आणि हातभर जागेत उभा करायचा असेल, तर चारशे किलोंची वस्तू उचलण्याएवढा जोर लागतो. एकसष्ट वर्षांच्या माणसाकडून तुम्ही तो मागितलात.”

“हे सगळं तुम्हाला आधीपासून माहीत होतं?”

“होतं.”

“आणि तरी सांगितलं नाही?”

“नाही.” त्यांनी टाइप केलेला कागद परत सरकवला. “काकांनी मला तोंडावर विचारलं होतं. मी त्यांना खोटं सांगितलं.”

सूर्यभानच्या बायकोनं मान वर केली. बाईंनी तिच्याकडं बघायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

अध्यक्षांनी चष्मा काढला. “मॅडम, तुम्ही सगळं स्वतःवर ओढून घेताय. याचे परिणाम कळतात ना?”

“माझ्या वाट्याचं घेतेय.” बाईंनी पिशवीतून मसुदा काढला आणि लाल रेघेचं पान टेबलावर, जबाबाच्या बरोबर वर ठेवलं. “हे वाचा. मोठ्यानं वाचा, यांनाही ऐकू दे. रेघ मारणाऱ्यानं खाली सही केलेली नाही.”

डावीकडच्या माणसानं पान उलटं करून ठेवलं. “हा विषय या चौकशीच्या कक्षेत येत नाही,” तो म्हणाला.

“बरं. मग कक्षेतलं विचारते.” कुंदाबाई उभ्या राहिल्या. “सोमवारी आणखी एकतीस गावांत या पट्ट्या सुरू होणार आहेत. त्यांतल्या एकाही ठिकाणी रोधक पोचलेला नाही. तिथले हमाल आपापल्या रीतीनं पाट अडवायला जातील आणि त्यांना कुणीही काही सांगितलेलं नाही. आज शनिवार आहे, साहेब, अडीच वाजलेत आणि फोन तुमच्या हाताजवळ आहे. पट्ट्या बंद ठेवा म्हणून सांगणार आहात, की नाही? मी उभी आहे. उत्तर द्या.”