हिरोच्या मागे उभी माणसं

कोलशेतच्या सोसायटीत, गच्चीवर, पोरांसाठी अमेरिकन सिनेमा लावला होता. वाऱ्याने पडदा फुगला की हिरोचं पोट सुटल्यासारखं दिसे. छोट्या लेकीला, कल्पूला, मांडीवर घट्ट धरलेल्या संचिताचं अर्धं लक्ष कठड्याकडे होतं.

"पुन्हा एकट्यानेच जग वाचवलं," ती पुटपुटली. "बाकीचे नुसते किंचाळायला."

"आणि एवढ्या बिल्डिंगी पाडल्या, तो राडारोडा कोण उचलणार?" मागून आवाज आला.

स्पीकरची वायर हातात घेऊन प्रितम उभा होता. गावठाणातला, मंडप-साउंडचा धंदा असलेला.

ती हसली. "कॉलेजात यावरच प्रोजेक्ट केलेला मी. प्रेम म्हणजे दोघंच, बाकी सगळे अडचण... हेच शिकवतात हे सिनेमे."

"मग आमच्याकडच्या हळदीला या. गर्दीत नवरा-नवरी शोधावे लागतात!"

स्पीकरचं काम संपलं, तरी तो येत राहिला. घटस्फोटानंतर पहिल्यांदाच कुणाच्या तरी पावलांचा आवाज तिला ओळखू येऊ लागला... शेजारणीने पाहिलं की मात्र तिची मान खाली जाई.

"रविवारी घरी येऊ?" एकदा त्याने विचारलं. "बोलायचंय — जरा."

रविवारी तिने कल्पूला कोपरीला, आईकडे सोडलं. निळी साडी नेसली. दोनच कप काढले.

बेल वाजली. दारात त्याची आई, काका, काकू, आत्या, नारळ, मिठाई — आणि सगळ्यांच्या मागे प्रितम.

"एवढे... सगळे?" तिच्या तोंडून निघूनच गेलं.

"मागणी घालायला एकटा आलो असतो तर आईने मारलं असतं."

त्याच्या आईने, गोदाआईने, पिशवीतून इवलासा पिवळा फ्रॉक काढला. घरभर पाहिलं. "पोर कंय हाय गो? पयलं तिला इचारायचं, मंग तुला."

संचिताची कानशिलं तापली. मनात रंगवलेल्या आजच्या प्रसंगात कल्पू कुठेच नव्हती. ज्या सिनेमांना ती हसायची, त्यांच्यासारखंच तिने स्वतःच्या लेकीला बाजूला सारलं होतं.

"मी... आईकडे ठेवलं तिला. आज मध्ये नको, असं वाटलं मला." मान वर होईना.

गोदाआईने फ्रॉक तिच्या हातात ठेवला.

"मंग आन जा तिला," गोदाआई पदर खोचत म्हणाली. "चा मी ठेवते."

जिन्यात प्रितम हळूच म्हणाला, "हिरो एकटाच हवा होता ना?"

"हो," ती म्हणाली. डोळे भरले होते. "लाज वाटतेय रे... पण तू हवा आहेस. सगळ्यांसकट."

त्याने स्कूटर काढली. फ्रॉक छातीशी धरून ती मागे बसली.

"आणि कल्पू नाही म्हणाली तर?"

"तर पुढच्या रविवारी परत येऊ," तो म्हणाला. "सगळे."