दहा मिलिमीटर

वाइड लेन्स खोटं बोलते, हे विनेशला कुणी शिकवायची गरज नव्हती. जमिनीचे दलाल खुराड्याएवढी खोली तिच्यातूनच हॉलएवढी करून दाखवतात आणि मुंबईचा माणूस भुलतो. तरी त्याला ती हवी होती. थळच्या कारखान्यात पाळ्या करून पिचलेल्या माणसाला रविवारी आख्खा दर्या एका चौकटीत घ्यावासा वाटला, तर कुणाच्या बापाचं काय जातं?

महिनाभर त्याने युट्यूबवरच्या शहाण्यांची प्रवचनं ऐकली. एक म्हणतो हलकी घ्या, दुसरा म्हणतो जड घ्या, आणि दोघांनाही फुकट मिळालेली. शेवटी अलिबागला लग्नाचे फोटो काढणाऱ्या स्वप्निलने दोन जुन्या लेन्स त्याच्या पिशवीत टाकल्या. दोन्ही लावून बघ, फोटो मोठा करून चारही कोपरे तपास, पटेल ती ठेव, म्हणाला. हलकी त्याची स्वतःची होती. जड कुणीतरी स्टुडिओत ठेवून गेलं होतं आणि न्यायला परत आलंच नव्हतं.

रविवारी चार वाजता थळच्या किनाऱ्यावर पाणी ओहोटीला होतं. विनेशची बायको सुचिता बांबूंवरचे सुकलेले बोंबील काढून टोपलीत भरत होती. त्याचा बाप चंदर, चाळीस वर्षं तांडेल म्हणून होडी चालवलेला माणूस, उलट्या होडीला टेकून जाळं शिवत होता. डोळ्यांत मोतीबिंदू, तोंडात तंबाखू. विनेशने त्याच्या शेजारीच तिपाई रोवली, बारा पावलं मोजली आणि नऊ वर्षांच्या लेकीला, प्राप्तीला, समोर उभं केलं. पिवळा फ्रॉक, पाठीवर चारचं ऊन, मागे ओली वाळू, त्यामागे पाणी आणि उंदेरीचा किल्ला.

"अजिबात हलायचं नाही," तो म्हणाला.

"मग दोन आइस्क्रीम. एक उभं राहायचं, एक गप्प राहायचं."

हलकी लेन्स बरी निघाली. कोपरे जरा मऊ. मग त्याने जड चढवली. वीस मिलिमीटरवर सगळं जागच्या जागी. आकडा उतरेल तशी चौकट रुंदावते, म्हणून पंधरावर पोरगी लहान दिसली, दिसायचीच. दहावर ती काडेपेटीतल्या काडीएवढी झाली. त्याने फोटो मोठा करून पाहिला. कोपऱ्यातली खेकड्यांची बिळंसुद्धा मोजून घ्यावीत अशी स्पष्ट. अशी लेन्स त्याने जन्मात पाहिली नव्हती.

पण हलकीसुद्धा दहापर्यंत जात होती, आणि तिच्यात प्राप्ती एवढी लहान नव्हती. त्याने कॅमेऱ्यावरून मान वर केली. ती खरंच थोडी मागे गेल्यासारखी वाटली. गेली असेल खेळत. त्याने बापाला विचारलं, पोरगी सरकली का.

चंदरने कपाळावर हात आडवा धरला. होडी बांधायचा खांब, पिवळा फ्रॉक आणि उंदेरीचा बुरुज, तिन्ही एका रेषेत होते.

"जागेवरच हाय," तो म्हणाला, आणि सुई पुन्हा जाळ्यात घातली.

दर्यात ज्याची खूण कधी चुकली नाही, त्या माणसाचा शब्द होता तो. विनेश पुन्हा कॅमेऱ्यात शिरला. प्रकाश कमी केला, जास्त केला, कोपरे तपासले. दहा मिनिटं गेली. मग पोरगी जवळ दिसावी म्हणून त्याने लेन्सचं कडं फिरवून वीसवर आणलं.

किल्ला जवळ आला. खांब जवळ आला. प्राप्ती आली नाही.

त्याने डोळा काढला. समोर एक पिवळा ठिपका होता, आणि पाण्याची कड त्याच्या कितीतरी अलीकडे होती.

"पप्पा, झालं का?"

आवाज बारा पावलांवरूनच आला.

तो धावला. तिच्या उमटलेल्या पावलांपर्यंत पोचला. दोन लहान तळवे, टाचा दर्याकडे, बोटं किनाऱ्याकडे. त्यापुढे वाळू कोरी.

"प्राप्ती, इकडे ये."

"मी इथंच आहे," आवाज त्याच्या कमरेशी म्हणाला. "तुम्हीच मागे मागे चाललाय."

सुचिता टोपली टाकून आली. तिने त्या जागेवर हात फिरवले. हाताला वारा लागला.

चंदर उठून उभा राहिला होता. दर्यावर जागा धरायची तर दोन खुणा लागतात, एक समोरची, एक आडवी. एकाच खुणेवर होडी रेषेत राहते, पण रेषेवर किती लांब गेली ते कळत नाही. थळच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं.

"एकच धरली रे मी," तो म्हणाला. "घरची पोरगी म्हणून एकच धरली."

तीन होड्या निघाल्या. त्या उंदेरीच्याही पुढे गेल्या. ठिपका तिथूनही तेवढाच लांब दिसत होता. पोलीस आले, पोरगी पाण्यात कधी उतरली ते लिहायला लागले. मग त्यांनीही आवाज ऐकला. हवालदाराने पेन खिशात ठेवलं आणि टोपी काढली. दुसरं काय करणार होता?

भरती चढू लागली. विनेश तिपाईशी बसून होता. लेन्स काढावी तर उरलासुरला धागा तुटेल, ठेवावी तर पोरगी अजून लांब जाईल. त्याने कड्याला बोट लावलं नाही. स्वप्निलचा फोन तीनदा वाजला. कुठली ठेवतोस, एवढंच विचारायचं असणार त्याला.

सुचिता कंबरभर पाण्यात त्या जागेवर उभी होती. पोरगी घाबरू नये म्हणून ती बोलत होती. शाळेचं, मामाच्या गावचं, सुचेल ते.

सूर्य बुडाला. उंदेरीवर काळोख धरला. सुचिताचे दात थंडीने वाजत होते.

"आई," आवाज तिच्याजवळ आला, कोरडा, जरा वैतागलेला. "पाठीला ऊन फार लागतंय गं. पप्पांना सांग ना, फोटो लवकर काढा."