कल्याणच्या घरचा ट्रे

लाईट येईपर्यंत तुम्हाला वेळ घालवायचाय, म्हणून सांगतो. कोणी सारखं मागं वळून बघू नका. मागं माझी सायकल आहे.

मंठ्यात आमच्या गल्लीच्या टोकाला कल्याण राहतो. वायरमन. वय अडतीस, लग्न नाही. गावभर उजेड पाडतो आणि स्वतःच्या घरी एकच बल्ब लावतो. तीन वर्षांपूर्वी त्याची आई, तुळजाबाई, गेली. एकट्याला एक पातेलं पुरतं म्हणून त्यानं तिची भांडी मोडीत काढली. त्यात चहाचा स्टीलचा ट्रेही गेला. लहानपणी तो ढोलासारखा बडवून कल्याणनं त्याच्या कोपऱ्याला पोचा पाडला होता.

गेल्या मार्गशीर्षातली वद्य दशमी. जाफराबादकडून मुलीचे वडील रखमाजी आणि मुलीची आत्या घर बघायला दुपारी यायचे होते. जीप बिघडली, रात्रीचे नऊ वाजले. मध्यस्थानं कल्याणच्या वयातली चार वर्षं आणि आईचा मृत्यू, दोन्ही गाळलं होतं. बाईमाणूस नसलेल्या घरात मुलगी कोण देतो? आई मावशीकडं गेलीय म्हणून सांग, असं बजावलं होतं. कल्याणला खोटं जमत नाही. जमलं असतं तर तो कंत्राटदार झाला असता.

पाहुणे गावात शिरल्याचा फोन आला, तेव्हा घरात ट्रे नाही हे त्याच्या लक्षात आलं. दार लोटून तो शेजारच्या गल्लीत वंदनावहिनींकडं गेला. वहिनींनी माळ्यावरून ट्रे काढला, धुऊन दिला, सोबत सल्लेही दिले. तेवढ्यात लाईट गेली. तो मावशीचं वाक्य पाठ करत परत निघाला.

दारात जीप उभी होती. आत मोबाइलच्या उजेडात पाहुणे बसले होते. समोर रिकामे कप.

"या जावईबापू," रखमाजी म्हणाले. "आमचा चहा झाला. आईच्या हाताला चव हाय."

कल्याण बगलेत ट्रे धरून उभाच राहिला.

"आम्हाला उगाच शंका आली, घरात बाईमाणूस न्हाई. आता बिलकुल चिंता न्हाई. पोरगी दिली समजा."

"लई बोलत न्हाईत त्या," आत्या म्हणाली. "एवढंच म्हणल्या, पोरगं एकटंच जेवतंय."

आत स्वयंपाकघरात अंधार होता. आवाज नाही.

नुसतं गप्प बसायचं होतं. लग्न ठरलं होतं. आई मावशीकडं गेलीय, हे त्यानं कसंबसं म्हटलं असतं. आई आत आहे, हे त्याच्यानं म्हणवेना.

"आई..."

तो थांबला.

"आई जाऊन तीन वर्षं झाली."

रखमाजींनी समोरचा रिकामा कप लांब सरकवला. हळू. अगदी हळू...

मग जीपचा आवाज. आत्याची एक चप्पल दारातच राहिली.

कल्याण मोबाइलच्या उजेडात आत गेला. गॅस थंड. पातेलं कोरडं. स्वयंपाकाच्या ओट्यावर ट्रे. वहिनींचा नव्हे, तो बगलेत होता. याच्या कोपऱ्याला पोचा होता. ट्रेमध्ये एक कप, बशीनं झाकलेला. त्याला यायला उशीर झाला की तुळजाबाई चहा असाच झाकून ठेवायची.

त्यानं बशी उचलली.

वाफ आली.

प्याला का? मीही त्याला हेच विचारलं. त्यानं पक्कड उचलली आणि कामाला निघाला.

परवा संध्याकाळी त्याच्याकडं गेलो होतो. कल्याण कामावरून यायचा होता. दार लोटलेलंच. आत डोकावलो. ओट्यावर तोच ट्रे. त्यात एक कप, बशीनं झाकलेला.

मी बशी उचलली नाही.