अकरा जीबी आत्या

तो चष्म्याच्या दुकानात शिरला तोच मुळी काचेच्या दारावर कपाळ आपटून. सकाळी स्वतःच्याच चष्म्यावर बसला होता बिचारा, आणि चष्म्याशिवाय त्याला समोरचा हत्तीसुद्धा धुक्यासारखा दिसायचा. हत्तीचं मी जरा वाढवून सांगतोय. बाकी सगळं खरं धरा.

काउंटरमागे एक निळसर, धूसर आकृती होती. आवाज मात्र स्पष्ट होता.

"दार हाताने ढकलायचं असतं."

"मला वाटलं... उघडंच आहे."

"द्या इकडे. यावर बसलं कोण?"

"मीच."

"मग बरं. भांडायला दुसरं कोणी नको."

दुरुस्तीआधी प्रत्येक चष्म्याचा फोटो काढायची तिची पद्धत होती. तिने फोन धरला आणि ती चरफडली. "जागाच नाही. हे मेलं निरोप ॲप. घरच्यांनी एकमेकांना बोलून निरोप पाठवायचे, एवढंच त्याचं काम, आणि अकरा जीबी अडवून बसलंय. ज्याने बनवलंय ना, तो एकदा माझ्यासमोर यायला हवा."

तो हळूच म्हणाला, "आलाय."

"कुठे?"

"इथे... म्हणजे मीच. पण काळजी करू नका, आज चार वाजता नवी आवृत्ती येतेय. जुनं सगळं आपोआप साफ होईल."

"जुनं म्हणजे काय?"

"ऐकलेला निरोप ॲप मेमरीत धरून ठेवतं, पुन्हा लगेच ऐकता यावा म्हणून. ॲप बंद झालं की ती मेमरी रिकामी. म्हणून एक प्रत फोनच्या डिस्कवरही लिहितं, इंटरनेट नसलं तरी ऐकू यावा म्हणून. ती महिन्याभराने पुसायची असते."

"मग?"

"पुसायची आज्ञा लिहायला मी विसरलो. तीन वर्षं."

तिचा हात चष्म्याच्या दांडीवरच थांबला. "म्हणजे तीन वर्षांचे निरोप यात आहेत? यादीत तर तीन महिन्यांपलीकडचं काही दिसत नाही. तुमच्या कंपनीने सांगितलं, सर्व्हरवरून गेलं, आता विसरा."

"सर्व्हरवरून गेलंच. फोनवर मात्र आहे. का?"

तिला आत्याने वाढवलं होतं. आठ महिन्यांपूर्वी आत्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. आत्या वाचली, आवाज गेला. आता ती पाटीवर लिहून बोलायची. हे सांगताना धूसर आकृती जराशी हलली, एवढंच त्याला दिसलं.

चार वाजायला सात मिनिटं होती.

त्याने तिचा फोन घेतला, स्क्रीनला नाक टेकवून आधी इंटरनेट बंद केलं. मग साहेबांना फोन लावला. "नवी आवृत्ती थांबवा, साहेब. हो, चूक माझीच होती. पण ती निस्तरताना कुणाचं माणूस पुसलं जाईल. आधी विचारायला हवं." पलीकडून साहेब असे कडाडले की दुकानातला एक चष्मा म्हणे स्टँडवरून उतरून ड्रॉवरमध्ये लपला. पण आवृत्ती थांबली.

दरम्यान दांडी सरळ झाली होती. तिने चष्मा स्वतःच त्याच्या नाकावर ठेवला, कानामागे अलगद बसवला. धुकं विरलं. समोर ओले डोळे आणि गालावर पॉलिशचा पांढरा ठिपका.

"कसं दिसतंय?"

"वाटलं होतं त्यापेक्षा... खूपच छान."

"मी चष्म्याबद्दल विचारतेय."

"मीही," तो म्हणाला, आणि कान लाल झाले.

दुसऱ्या दिवशी त्याने लॅपटॉप आणला. आकड्यांची नावं असलेल्या हजारो फायली निघाल्या. पहिलीच लावली आणि दुकानभर आत्या घुमली: "फोन उचल गं भवाने. जेवलीस का?"

ती हसता हसता रडली. "तुम्ही विसरलात म्हणून... फार उपकार झाले."

"विसरल्याबद्दल आभार मानणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

मग प्रत्येक निरोप ऐकून दोघांनी क्रम लावायचं ठरवलं. संगणकाने ते तारखेवरून अर्ध्या मिनिटात केलं असतं. दोघांनाही ते माहीत होतं. सहा आठवडे लागले, आणि त्यात 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते त्यांनाही कळलं नाही.

सातव्या आठवड्यात तो लॅपटॉप घेऊन आत्याच्या खोलीत बसला. आत्याने स्वतःचा आवाज डोळे मिटून ऐकला. मग पाटी ओढली. "मी एवढी ओरडायचे?"

"याहून जास्त," भाची म्हणाली.

आत्याने पुसलं, त्याच्याकडे वळून लिहिलं, "नोकरी राहिली का रे?"

"राहिली, आत्या. आता पुसण्याआधी विचारायचं, असा नियमच झालाय."

आत्याने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, बराच वेळ. मग खडू पुन्हा करकरला. "आणखी एक चूक कर. हिच्याशी लग्न."

तो चष्मा पुसू लागला. स्वच्छच होता. "मी... विचारणारच होतो. पण ती काय म्हणेल..."

ती खिडकीबाहेर बघत होती. पुढचं लिहायला आत्याने फडकं उचललं, तशी तिने चटकन वळून आत्याचं मनगट धरलं.

"राहू दे, आत्या," ती म्हणाली. "हे पुसू नकोस."