पडवीवरचं झाकण

त्या संध्याकाळी मी शेजारी गेलो तो फक्त खुर्ची आणायला. तेककाकांकडे तिची वेताची बैठक विणायला टाकली होती, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी त्यांना कायमची क्वालालंपूरला नेणार होती.

आमच्या पिनांगच्या गल्लीत सात दुकानं एकाच छपराखाली खांद्याला खांदा लावून उभी आहेत. दोन दुकानांत भिंत एकच. काका शिंकले की माझ्या दुकानातले कागदी कंदील हलतात, असं आम्ही थट्टेने म्हणायचो. खाली दुकान, वर घर, पुढे सगळ्यांची मिळून एक पडवी. पडवीवर आलेल्या माडीच्या फळ्यांत, बरोबर दारासमोर, वीतभर चौकोनी भोक आणि त्यावर सरकतं झाकण. दार वाजलं की माडीवरची बाई झाकण सरकवून बघते. माणूस ओळखीचा असला तर सुतळीला बांधलेली किल्ली खाली सोडते. ही ओळ बांधणाऱ्याला बायकांच्या गुडघ्यांची काळजी होती, म्हणून मला तो आवडतो.

मी दार वाजवलं. झाकण सरकलं. किल्ली खाली आली, मी ती सोडवून घेतली, दारातलं कुलूप उघडलं आणि आत गेलो. जन्मभर हेच केलेलं, त्यात विचार करण्यासारखं काय होतं?

आत अंधारून आलं होतं. मधल्या चौकातून थोडा उजेड येत होता, ओल्या वेताचा वास होता. आणि माझ्या बोटांना कापराच्या तेलाचा... काकांची बायको, लियानकाकू, गुडघ्यांना चोळायची, त्या तेलाचा. काकूला जाऊन वर्ष होत आलं होतं. खांदा देणाऱ्यांत मीही होतो.

मी जिन्याकडे पाहिलं नाही. माझी हिंमतच झाली नाही.

एवढ्यात काका चहाच्या दुकानातून परतले. दार कोणी उघडलं, असं त्यांनी विचारलं. मी किल्ली पुढे केली. ते माझ्याच खुर्चीत मटकन बसले.

"तुला दिली? मी रोज वाजवतो रे. झाकण हलत नाही. मी निघालोय म्हणून रागावली असेल..."

दुकान विकलं होतं, आणि उद्या नवा मालक माडीच्या सगळ्या फळ्या काढणार होता. एकदा तरी तिने आपल्याला बघावं, एवढ्यासाठी म्हातारा अडून बसला होता, हे मला तेव्हा कळलं.

"काका, तुमची किल्ली कुठंय?"

"खिशात."

"मग ती कशाला उठेल? गुडघे दुखतात तिचे."

काका ओठ मुडपून हसले. त्यांनी आपली किल्ली माझ्या हातात दिली, बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं. मी आतून कुलूप लावलं.

त्यांनी दार वाजवलं.

बराच वेळ काही नाही. मग माडीच्या मागच्या खोलीतून लाकडी खडावा निघाल्या. टक्... टक्... जरा थांबून, गुडघ्यांना जपत. माझ्या डोक्यावरून पुढे पडवीकडे गेल्या. फळ्यांमधली धूळ माझ्या मानेवर पडली. झाकण सरकलं.

"जेवलीस का?" बाहेर काकांनी विचारलं. मग ते हळू आवाजात खूप वेळ बोलत राहिले. मला एवढंच ऐकू आलं, की ते नव्या घराचा पत्ता सांगत होते. इमारत, मजला, दाराचा रंग. दोनदा सांगितला.

कुलूप त्यांनीच बाहेरून उघडलं, वरून आलेल्या किल्लीने. डोळे पुसत म्हणाले, "तिला पाठ व्हायला वेळ लागतो."

दुसऱ्या दिवशी ते गेले, फळ्याही निघाल्या. आता पलीकडे कौलांपर्यंत नुसती पोकळी आहे. भिंतीला कान लावला तरी काही ऐकू येत नाही. मला दोघांची फार आठवण येते.

गेल्या आठवड्यात त्यांच्या मुलीचा फोन आला. ती सकाळी घराला कुलूप लावून कामाला जाते. काका दिवसभर खाली बागेत बसतात, आणि संध्याकाळी ती परतते तेव्हा घरात असतात.

"बाबांना किल्ली तूच करून दिलीस ना?" तिने विचारलं. "मी दिलेली नाही."

मी नाही म्हणालो.

ती म्हणाली, दाराशी रोज सुतळी पडलेली असते, मीच उचलून ठेवते. वर तर सिमेंटचा स्लॅब आहे... त्या सुतळीला कसला वास येतो, ते मी विचारलं नाही.