भावोजींचे नवे बूट

तो दिवा राहू दे तसाच. आणि मध्ये कोणी खिदळायचं नाही, नाहीतर पोरांनो, मी गोष्ट अर्धी टाकून झोपायला जाईन.

चाळीस वर्षं मी बूट शिवतोय. झिजलेला तळ दाखवा, माणूस कसा चालतो ते सांगतो. माझे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, दोन्ही टाचा बाहेरच्या बाजूनं झिजवतात. डोळे मिटून बोट फिरवलं तरी ओळखीन. एवढं लक्षात ठेवा.

गेल्या वर्षीची गोष्ट. चौदा तारीख, मंगळवार. भावोजींना राजधानीत जायचं होतं. ते पाणीपुरवठ्याच्या पंपावर कामाला. कुठल्याशा कारकुनानं कागदावर त्यांना मयत दाखवलं. धडधाकट माणूस, दोन वेळा पोटभर जेवणारा, आणि सरकारदरबारी गेलेला! पगार बंद, क्वार्टर रिकामं करायची नोटीस हातात. जातीनं हजर होऊन 'मी जिवंत आहे' असं सिद्ध करायचं, आणि बुधवार शेवटचा दिवस. कचेरीची खिडकी सकाळी सहाला उघडणार, पहिल्या चाळीस जणांनाच नंबर. चुकलं तर ताई रस्त्यावर. आठवडाभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. मी भावोजींना नवे बूट शिवून दिले. म्हटलं, "निदान दिसा तरी जिवंत."

बस पोचली रात्री पावणेअकराला. भावोजी एक नंबरचे चिकट. सहा-सात तासांसाठी लॉजला पैसे कशाला घालायचे? त्यापेक्षा शहर बघू. तसं ते शहर बघायला जातंय कोण? लोक फाईल घेऊन जातात आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येतात.

स्टँडबाहेर एक माणूस उभा होता. साठीचा, काखेत फाईल.

"पहिल्यांदाच आलात? चला, दाखवतो. इथलं सगळं फुकट आहे, म्हणूनच कोणाला किंमत नाही."

आणि खरंच, शहर बघण्यासारखं निघालं. नदीकाठचा दगडी रस्ता, वाचनालयाचा गोल जिना, घड्याळाचा मनोरा. त्याच्या चारही बाजूंना चार वेगळ्या वेळा. भावोजी हरखून गेले. तो माणूस पुढे चालत होता, उजवा पाय जरा आत वळवून, ओढत.

टक... घस्स. टक... घस्स.

एक वाजता बाक दिसला. भावोजी म्हणाले, "जरा टेकू या का?"

"बसू नका. बसलं की झोप लागते. झोप लागली की नंबर जातो."

दोन वाजले. पुन्हा नदी. तीन वाजले. पुन्हा तोच मनोरा.

"अहो, हे बघितलं ना आपण?"

"परत बघा."

बोलायचं म्हणून भावोजींनी विचारलं, "तुमचं काय काम आहे इथे?"

"तुमचंच."

"म्हणजे?"

"मीही कागदावर मेलोय. जिवंत आहे म्हणून सांगायला आलो होतो."

"आलो होतो...? कधी?"

तो थांबला नाही. टक... घस्स.

"जरासाच बसलो होतो हो..."

पाच वाजता खिडकीपुढे आले. रांग नाही. चिटपाखरू नाही. एक बल्ब. एक बाक. तो वळला. रात्रभरात पहिल्यांदाच हसला.

"दमलात. बसा आता. तुमची जागा मी धरतो."

...

भावोजी म्हणतात, "मी बसलो नाही." तो कुठे गेला, तेही माहीत नाही म्हणतात. खिडकी उघडली, पहिला नंबर मिळाला, 'जिवंत' असा शिक्का बसला. घर वाचलं. ताई फोनवर रडली, इकडे मीही रडलो.

गुरुवारी भावोजी दुकानात आले. "तळ बदल."

नुकते शिवलेले बूट! मी थट्टा केली, "पायीच आलात की काय?" ते हसले नाहीत. मी स्टूल पुढे सरकवलं.

"नको. बसलं की झोप लागते."

ताई म्हणते, "यांचा स्वभाव किती निवळला रे. चिडणं नाही, कुरकुर नाही. फक्त रात्री घरात येरझाऱ्या घालतात." सुखात आहे ती. मला मात्र तिच्या घरी जायची भीती वाटते. आज पहिल्यांदाच बोलतोय हे.

ते बूट मी परत दिलेच नाहीत. दुसरे शिवून दिले. हे बघा, या फडक्यात आहेत. निघाल्यापासून माझ्या हातात येईपर्यंत दुसऱ्या कोणी घातले नव्हते. उजव्याचं टोक बघा, आतल्या बाजूनं घासून पार आरपार गेलंय.

आता टाचेवरून बोट फिरवा. बाहेरच्या बाजूनं. दोन्ही.

कोऱ्या आहेत.