नदीकडे उतरणारी पायवाट

टपालकाकांनी तीस वर्षं सगळं गाव पायाखाली घातलं, आणि निवृत्त झाल्यावर गुडघ्यांनी दगा दिला. गेली दोन वर्षं त्यांची मजल खाटेपासून खिडकीपर्यंत, तीही बायकोच्या खांद्यावर हात टाकून. बायको शाळेत शिकवायची, म्हणून तिला सगळे बाईच म्हणत. लेकीनं जुन्या बाजारातून एक चित्र आणलं: मावळतीचं सोनेरी आभाळ, काळीशार झाडं आणि मधून नदीकडे उतरणारी पायवाट. बाईंनी ते खाटेसमोर टांगलं.

"घ्या, बसल्या जागी फेरफटका!"

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई स्वयंपाकघरात भाजी निवडत होत्या. खोलीतून ओल्या गवताचा वास आला. मग पाण्याची खळखळ... आणि शीळ. गुडघे गेल्यापासून काकांनी शीळ घातली नव्हती.

बाई धावल्या. खाट रिकामी. चादर अजून कोमट. चित्रातल्या वळणापाशी एक पाठमोरा माणूस झपाझप चालला होता. ती चाल बाईंनी हजारांत ओळखली असती.

"अहो..."

माणूस वळला, हसला. "अगं, बघत काय राहिलीस? चल की!"

"मला... भीती वाटतेय."

"मलाही वाटली. पहिल्या पावलापुरती."

बाईंनी हात पुसले, डोळे मिटले आणि पाऊल उचललं. तळव्याला थंडगार दव लागलं.

मग काय विचारता! काका पुढे, बाई मागे, हसून हसून बेजार. "अहो, जरा हळू! आज टपाल वाटायचं नाहीये!" नदीत पाय सोडून दोघं किती वेळ बसली, कुणास ठाऊक. तिथला दिवस मावळतच नव्हता.

परत येऊन खाटेवर टेकली, तेव्हा दोघांना धाप लागली होती. काकांचे गुडघे पुन्हा आखडले होते, पण चेहरा नुसता फुलला होता.

"उद्या परत," ते म्हणाले.

"उद्या परत," बाईही म्हणाल्या, आणि फरशी पुसायला उठल्या. भिंतीपासून खाटेपर्यंत चिखलाची पावलं उमटली होती. काकांची. बाईंची स्वतःची.

आणि आणखी एका माणसाची.

ती पावलं खाटेपाशी थांबली नव्हती. सरळ स्वयंपाकघरात गेली होती... आणि आत कुणीतरी, अगदी घरच्यासारखं, फळीवरून कप काढत होतं.